भोपाळचा अस्लम आणि बाद फेरी
आम्हा गोंयकारांचा जीव फुटबॉलात, तसा भोपाळकरांचा हॉकीत. भोपाळचा अस्लम शेर खान १९७५ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात बदली म्हणून उतरला आणि शेवटच्या मिनिटांत गोल करून मलेशियाकडून हरणाऱ्या भारताला त्याने वाचवले. पुढे आपण चषकही जिंकलो. तेव्हा बारांतले चारच संघ बाद फेरीत जात. २०१८ ला भुवनेश्वरात सोळांतले बारा गेले. गटात भारतामागे दुसरा आलेला बेल्जियम या जादा फेरीतून वर येऊन विश्वविजेता ठरला! २०२३ ला याच फेरीत न्यूझीलंडने आपल्याला घरी बसवले. तरी माझे मत वाढीव फेरीलाच. अस्लमला उशिरा संधी मिळाली, तशी एखाद्या संघालाही मिळायला हवी.