विजेची मोटार घरी चार्ज करताना...

विजेवर चालणारी मोटार दारात आली, की पेट्रोल पंपाची वाट संपते आणि घरातील वायरिंगची परीक्षा सुरू होते. मोटार चार्ज करणे हे मोबाइल चार्ज करण्याइतकेच सोपे आहे, अशी अनेकांची समजूत असते. प्लग लावण्याची कृती सोपी असली, तरी त्या प्लगमधून वाहणारा विजेचा प्रवाह मात्र घरातील अन्य कोणत्याही उपकरणाहून वेगळ्या स्वरूपाचा असतो.

भार किती, त्यापेक्षा किती वेळ?

गिझर दोन ते तीन किलोवॉट वीज घेतो. पण पंधरा-वीस मिनिटांत तो बंद होतो. मोटारीसोबत मिळणारा साधा चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटवर साधारण तेवढीच, म्हणजे तीन किलोवॉटच्या आसपास वीज घेतो. फरक वेळेचा आहे. ३० युनिट क्षमतेची रिकामी बॅटरी पूर्ण भरण्यास अशा सॉकेटवर दहा ते अकरा तास लागतात. एवढा वेळ सलग भार राहिल्यास सैल स्क्रू, गंजलेली पट्टी किंवा झिजलेले सॉकेट हळूहळू तापत जाते. गिझरसाठी वर्षानुवर्षे चाललेले सॉकेट मोटारीखाली काही आठवड्यांतच काळे पडू शकते, त्याचे कारण हेच. एक्स्टेन्शन बोर्ड, मल्टिप्लग किंवा दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली वायर म्हणूनच वर्ज्य होय. पंखे-दिव्यांसाठीचे छोटे सॉकेटही या कामाचे नाही.

स्वतंत्र वायर, स्वतंत्र संरक्षण

चार्जिंगसाठी मीटरपासून थेट स्वतंत्र वायर ओढावी आणि तिच्यावर दुसरे कोणतेही उपकरण जोडू नये. १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी चार चौरस मिलिमीटरची, तर ३२ अँपिअरच्या भिंतीवरील चार्जरसाठी किमान सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असावी. मीटरपासून पार्किंग दूर असल्यास वायर आणखी जाड लागते. योग्य क्षमतेचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी या दोन्ही गोष्टी अत्यावश्यक आहेत. एमसीबी वायरिंग वाचवितो, आरसीसीबी माणसाचा जीव. मोटारीच्या चार्जिंगमध्ये डीसी स्वरूपाची गळती संभवत असल्याने आरसीसीबी 'ए' प्रकारचा किंवा उत्पादकाने सुचविलेला असावा. हे सारे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे.

अर्थिंगशी तडजोड नको

जुन्या इमारतींत अर्थिंग नावापुरतेच उरलेले असते. मोटारीचा चार्जर ते तपासतो आणि दोष आढळल्यास लाल दिवा दाखवून चार्जिंग नाकारतो. अशा वेळी काही वायरमन सॉकेटमध्ये न्यूट्रल व अर्थिंगची वायर एकत्र जोडून 'तोडगा' काढतात. चार्जिंग सुरू होते खरे. परंतु पुढे कधी न्यूट्रल तुटल्यास मोटारीच्या पत्र्यातच वीज उतरू शकते. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून दार उघडणाऱ्याच्या जिवावर ते बेतेल. लाल दिवा ही अडचण नसून इशारा आहे. त्यावर नवे अर्थिंग घेणे हाच उपाय.

रोज बॅटरी पूर्ण भरावी का?

शहरात रोजचा प्रवास बहुधा ३०-४० किलोमीटरचा असतो. छोट्या मोटारीला त्यासाठी पाच ते सहा युनिटे पुरतात आणि साध्या सॉकेटवर ती दोन तासांत भरता येतात. त्यामुळे सात किलोवॉटचा चार्जर प्रत्येकाला लागतोच असे नाही. त्यासाठी मंजूर भार वाढवावा लागतो आणि अनेकदा थ्री फेज जोडणीही घ्यावी लागते. बॅटरीच्या प्रकारानुसार रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरावी की अधूनमधून पूर्ण, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावे.

वीजबिलाचाही विचार हवा. महिन्याला दीडशे युनिटे वाढली, की अडीचशे युनिटांचे घर चारशेवर जाते. महावितरणच्या ग्राहकाचा ३०० युनिटांपुढील वापर वरच्या टप्प्याच्या दराने मोजला जातो. चार्जिंगसाठी राज्यात स्वतंत्र दरवर्गवारी आहे. वेगळा मीटर घेण्यापूर्वी दोन्ही हिशेब मांडून पाहणे हिताचे.

सोसायटीतील पेच

सदनिकाधारकांची खरी अडचण पार्किंगमध्ये सुरू होते. सामायिक मीटरवरून वीज घेतल्यास शेजाऱ्यांची तक्रार रास्तच ठरते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत बदल करून नव्या इमारतींतील २० टक्के वाहनतळ चार्जिंगयोग्य असावेत, अशी तरतूद सुचविली. जुन्या इमारतींना तिचा लाभ नाही. २०२४ मधील वीजग्राहक हक्क नियमांच्या दुरुस्तीने मात्र चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याची सोय झाली आहे.

सोसायटीकडे अर्ज करताना केबलचा मार्ग, मंजूर भाराचे पत्र, कंत्राटदाराचा चाचणी अहवाल आणि खर्च स्वतः सोसण्याची लेखी हमी जोडल्यास निम्म्या शंका तेथेच मिटतात. आणखी सात-आठ मोटारी येतील, तेव्हा इमारतीची मुख्य केबल तो भार पेलेल काय, याचाही विचार समितीने आताच करावा. तळघरात पाणी शिरत असल्यास सॉकेट त्या पातळीच्या बरेच वर आणि पावसाला तोंड देणाऱ्या पेटीत असावे.

पहिल्या आठवड्यात चार्जिंग तासभर चालल्यानंतर प्लगला हाताची पाठ लावून पाहावी. कोमट लागल्यास हरकत नाही. हात ठेववत नसेल, जळका वास येत असेल किंवा प्लास्टिकचा रंग बदलला असेल, तर आधी एमसीबी बंद करावा, मग वायरमनला बोलवावे. मोटार एक दिवस रिक्षाने भागवता येईल. इमारतीचे वायरिंग जळाल्यास ते साऱ्या शेजाराला भोगावे लागते.