युद्धोत्तर उत्तर कोंकणांतील लावणी-संचणी व गांवचे पुढारी

मे १७३९ मध्यें वसई पडली, येथें बहुतेक इतिहासलेखकांची लेखणी थांबते. पोर्तुगीजांशीं चाललेल्या दोन वर्षांच्या झुंजाची हकीकत पेशवे दप्तरांतील पत्रांवरून बरीच उजेडांत आली आहे. परंतु ज्या मुलखांतून फौजा गेल्या, तेथील शेत पुन्हा कोणीं व कशाच्या बळावर नांगरलें, हा प्रश्न मागेंच राहिला आहे. सरकारची मदत कुळापर्यंत पोंचण्यास गांवच्या पुढाऱ्यावांचून गत्यंतर नव्हतें, आणि केवळ त्याच्यावर विसंबूनहि चालत नव्हतें, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

भिवंडी तालुक्यांतील दापोडें हें गांव या विचारास सोयीचें आहे. त्याच्या शेजारींच अंजूर. गंगाजी नाईक अंजूरकर यांचें हें गांव होय. १७३७ त ठाण्यावर चालून जाण्यापूर्वीं पेशव्यांस खाडीपलीकडील बातमी व माणसें मिळालीं, तीं अशा स्थानिक घराण्यांच्या खटपटीनें. ज्यांच्या भरंवशावर मोहीम उभी राहिली, त्याच वर्गाच्या भरंवशावर पुढें लावणीहि उभी करावी लागली. वसईची सुभेदारी शंकराजी केशव फडके यांजकडे आली, तरी सुभेदार गांवोगांवचें कूळ थोडेंच ओळखणार! कोणाचा बैल मेला, कोण परागंदा झाला व कोणत्या वचनावर परत येईल, हें पाटीलच सांगूं जाणे.

या कामाचीं साधनें तीन होतीं : कौल, इस्तावा व तगाई. कौल म्हणजे अभयाचें वचन. इस्ताव्यानें ओसाड जमिनीस पहिल्या वर्षीं नाममात्र धारा, मग दरसाल चढता, व ठरल्या मुदतीअखेर पुरा आकार लागे. तगाई ही बैलांसाठीं, बियाण्यासाठीं वा बांधबंदिस्तीसाठीं दिलेली उचल. वाड यांनीं निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशींत अशा नोंदी जागोजाग आढळतात.

खाडीकांठीं तर पुढाऱ्याची गरज अधिकच. खाजणांत मातीचा बांध घालून भरतीचें पाणी अडवावें, उघाडींतून पावसाचें पाणी ओहोटीस बाहेर सोडावें, आणि कांहीं पावसाळ्यांनीं मीठ धुऊन निघाल्यावर भात करावें, अशी ही शेती. माणसें पळालीं कीं बांधाची डागडुजी राहते. एके ठिकाणीं खांड पडली, तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांचीं सारीं शेतें खारीं होतात. येथें एकट्या कुणब्यास बैल देऊन उपयोग नाहीं. सगळा गांव बांधावर यावा लागतो. तो आणण्याचें सामर्थ्य सरकारी शिपायांत नसून गांवानें मानलेल्या माणसांत असतें.

परंतु ज्याच्या हातांत वांटणी, त्याच्याच हातांत पक्षपात. ही अडचण मराठी राज्यकर्त्यांस फार पूर्वींच उमगली होती. ५ सप्टेंबर १६७६ रोजीं शिवाजी महाराजांनीं प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेलें पत्र आमच्या वाचकांस परिचित आहेच. सुभेदारानें स्वतः गांवोगांव फिरून कुणबी गोळा करावे. ज्यास माणूसबळ आहे पण बैल नाहीं, त्यास बैल व पोटास धान्य द्यावें. वाढीदिढी न घेतां मुद्दलच हळूहळू, त्याची ऐपत येईल तसें उगवावें, असा त्याचा आशय. या कामीं दोन लाख लारीपर्यंत खर्च मान्य केला होता. याचा अर्थ आम्ही असा घेतों कीं, गांव गोळा करावयाचा तो पुढाऱ्याच्या साहाय्यानें. पण कोणास काय द्यावयाचें, तें कुळाचें तोंड पाहून ठरवावयाचें.

हा पेंच केवळ आपल्याकडचा नव्हे. इराकांत २००३ च्या युद्धानंतर परकीय पुनर्रचना-पथकांनीं कालवे व शेती यांचीं कामें अनेक ठिकाणीं टोळ्यांच्या शेखांस हाताशीं धरून चालविलीं. शेखाच्या दारीं आलेली मदत कुळाच्या शेतांत पोंचली काय, हा प्रश्न तेथेंहि सुटत नाहीं.

आपल्याकडे त्याचें उत्तर कागदांत आहे. पण ते कागद आपण जपत नाहीं. सनदेवर शिक्का असतो, म्हणून ती पेटींत राहते. तगाईची यादी बिनशिक्क्याची, म्हणून ती वाळवीच्या वांट्यास जाते. आज दापोडें व आसपासच्या गांवांतून भातशेतांच्या जागीं मोठमोठीं गोदामें उभीं आहेत. बांध बुजले, जुनीं घरें पडत आहेत, आणि त्यांबरोबर माळ्यावरचे रुमालहि जात आहेत. संग्राहक मित्रांस विनंति कीं, कौलनामे, इस्ताव्याचीं पत्रकें व तगाईच्या याद्या हातीं आल्यास त्या क्षुल्लक म्हणून टाकूं नयेत. नक्कल करतांना समासांतील “वसूल”, “माफ” इतक्या शेऱ्यांसह करावी. पाटलाच्या नांवापुढें आंकडा आहे कीं प्रत्येक कुळाच्या, हेंहि टिपून ठेवावें. मदत खरोखर कोठें पोंचली, याचा निवाडा तेवढ्यावरच व्हावयाचा आहे.