तेरेखोलचे उगमस्थान

पेडणे महालाची उत्तरसीमा आखणारी तेरेखोल नदी उगम पावते ती गोमंतकाबाहेर, मनोहरगडाच्या अरण्यवेष्टित डोंगरात. बांद्यावरून वाहत ती अरबी समुद्रास मिळते. १७८८ साली पेडणे पोर्तुगीजांकडे गेले आणि सत्तेची सीमा दक्षिणेच्या शापोरा नदीवरून तेरेखोलवर सरकली. उगमाचा डोंगर मात्र सावंतवाडी संस्थानातच राहिला. पुढे १८४४-४५ च्या बंडात इंग्रजांनी मनोहरगड घेतला, तेव्हा फोंड सावंत तांबुळकरादी बंडखोरांनी आश्रय घेतला तो गोमंतकातच. सीमा सत्तेने आखली होती. डोंगरची माणसे पाण्याप्रमाणेच ती ओलांडून आली. शालेय नकाशात तेरेखोल ही केवळ एक सीमारेषा दिसते. पेडण्याचा इतिहास शिकविताना त्या रेषेचे उगमस्थानही विद्यार्थ्यांस दाखविले पाहिजे.