पडद्यावरच्या पहिल्या मायलेकी

शेवगाव-पाथर्डीकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बाया आपल्या ओळखीच्या आहेत. लेकरू कडेवर, संसार बोचक्यात, आज या फडावर तर उद्या त्या. आज आम्ही सांगतोय ती गोष्ट निराळ्या कामातली, पण फिरस्ती तशीच.

दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' हा सिनेमा काढत होते, तेव्हाची ही गोष्ट. तारामतीच्या कामाला बाई मिळेना. कोठ्यावरच्या बायांनीसुद्धा नकार दिला. शेवटी खाणावळीत स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके साडी नेसून तारामती झाले. 1913 साली तो सिनेमा मुंबईत लागला.

त्याच वर्षी फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर' काढला. त्यात मात्र खऱ्या बाया उभ्या राहिल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमला मोहिनी झाली. कमलाचा जन्म 1900 सालचा, म्हणजे वय जेमतेम तेरा.

हे धाडस हौसेचं नव्हतं. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या होत्या, पदरात लहान मुलगी होती. तेव्हा घर सुटलेल्या बाईला कोण विचारणार? त्यांनी नाटक कंपनी धरली. नाटकातल्या बाईला लोक नावं ठेवायचे. पण पोट भरत होतं आणि लेक जवळ राहत होती. कमला चार-पाच वर्षांची असल्यापासून रंगमंचावर उभी राहिली.

दार उघडलं, पण लगेच रीघ लागली नाही. 1917 साली 'लंकादहन' मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामं पुन्हा साळुंक्यांनीच केली.

पुढे कमलाबाईंचं लग्न रघुनाथराव गोखल्यांशी झालं. ऐन तारुण्यात त्या विधवा झाल्या. तीन मुलगे वाढवायचे होते. त्यांनी काम सोडलं नाही. नाटकात पुरुषांच्या भूमिकाही केल्या. बाप्ये बाया व्हायचे, तसा बाईनं बाप्या होऊन दाखवला! त्यांचे मुलगे चंद्रकांत गोखले नट झाले आणि लालजी गोखले तबलावादक. विक्रम गोखले हे त्यांचे नातू.

मैत्रिणींनो, नातवाला आपण टीव्हीवर ओळखलं. त्याच्या आजीचं आणि पणजीचं नाव आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक होतं? आपल्या गावातही एखादं काम पहिल्यांदा हाती घेणारी कुणीतरी असेलच. गटाच्या पुढच्या बैठकीत म्हाताऱ्या बायांना विचारा आणि तिचं नाव वहीत लिहून ठेवा.