वरचं कार्ड का तापतं?



खूप दिवसांनी लिहायला बसले आहे. कारण महिनाभर आमच्या घरात एकच विषय चालू होता, तापमान! उन्हाचं नव्हे, नातवाच्या कॉम्प्युटरचं.

नातू अ‍ॅनिमेशन शिकतो. त्यासाठी त्यानं टेबलाखालच्या उभ्या डब्यात दोन ग्राफिक्स कार्डं बसवली आहेत. दोन्ही एकाच जातीची, दोन्ही सेकंडहँड. पैसे त्याचे स्वतःचे, दोन वर्षं शिकवण्या करून जमवलेले. काम सुरू केलं की स्क्रीनवर दोघांचं तापमान दिसतं. खालचं ६७ अंश आणि वरचं ८४! काम मात्र दोघांना सारखंच. दुकानदार म्हणाला, "वरचं कार्ड गेल्यात जमा आहे, मिळेल त्या किमतीला काढ आणि नवं घे." पोराचा चेहरा एवढासा झाला.

मला त्या यंत्रातलं काय कळणार? बी.ए. मराठी माध्यमातून आणि जन्मभर इतिहास शिकवला. पण इतिहासाच्या बाईंना एक खोड असते. जे आहे ते असंच का आहे, हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. मी विचारलं, "अरे, या कार्डांचे पंखे खाली तोंड करून का? गरम हवा तर वर जाते ना?" तो म्हणाला, "आजी, कार्डं तशीच येतात."

तशीच येतात म्हणजे? कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी तसं ठरवलं असणारच! मग काय, लागले वाचायला. (नातू छापून देत होता, मी पेन्सिलीनं खुणा करत होते.)

कॉम्प्युटर आणि उष्णता यांचं भांडण कॉम्प्युटरइतकंच जुनं आहे. १९४६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत फिलाडेल्फियाला एनिॲक लोकांना दाखवला गेला. त्यात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते आणि त्याला १५० किलोवॉटच्या आसपास वीज लागे. व्हॉल्व्ह म्हणजे आपल्या जुन्या रेडिओत लालसर पेटायचे ते. तेवढे १८,००० एका खोलीत! त्यासाठी हवा खेळवणारे मोठे पंखे होतेच, शिवाय एखादं कपाट फार तापलं तर यंत्र बंद पाडणारी सोयही होती.

पुढे सेमूर क्रे यांचा क्रे-१ आला. पहिलं यंत्र १९७६ मध्ये लॉस अलामॉसला बसलं. त्यात फ्रिजमध्ये वापरतात तसला फ्रीऑन नळ्यांतून फिरवलेला होता. पहिल्या यंत्राला सहा महिने उशीर झाला तो गणितामुळे नाही, तर या थंडाव्यामुळे! फ्रीऑनबरोबर फिरणारं वंगणाचं तेल सांध्यांतून धुक्यासारखं बाहेर यायचं, बोर्डांवर बसायचं आणि शॉर्टसर्किट व्हायचं. शेवटी नळ्या जोडायची पद्धतच बदलावी लागली. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सर्किटं वीज न वाहणाऱ्या द्रवात सरळ बुडवूनच टाकली.

असो. ही राजवाड्यांतली यंत्रं झाली. आमचा डबा गरिबाघरचा.

१९८१ साली आय.बी.एम.चा पी.सी. आला तेव्हा डबा आडवा होता. टेबलावर डबा आणि त्यावर मॉनिटर, आठवतं ना? आडव्या डब्यात मदरबोर्ड तळाशी पसरलेला आणि त्यात खोचलेली कार्डं उभी, कपाटातल्या पुस्तकांसारखी. दोन कार्डांमधली गरम हवा आपसूक वर जाई. तशी ती फार नव्हतीच. सगळ्या यंत्राला वीज पुरवणारा भागच मुळी ६३.५ वॉटचा होता. आपल्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढा!

मग डबे उभे राहू लागले. १९८७ मध्ये आय.बी.एम.नंच पी.एस./२ मालिकेत जमिनीवर उभी ठेवायची मॉडेलं काढली आणि पुढे ती फॅशनच झाली. टेबल मोकळं झालं, छान झालं. पण डबा उभा राहिल्याबरोबर आतली कार्डं आडवी झाली. कपाटातली पुस्तकं काढून एकावर एक रचावीत तशी.

आता खरी गंमत. जुन्या कार्डांची पद्धत होती आयसा. १९९२ मध्ये इंटेलनं पी.सी.आय. ही नवी पद्धत आणली. पण लोकांकडे जुनी कार्डं भरपूर, ती एकदम फेकणार कशी? म्हणून मदरबोर्डवर काही वर्षं दोन्ही प्रकारच्या खाचा शेजारी शेजारी ठेवाव्या लागल्या. जागा वाचवायला युक्ती अशी केली की नव्या कार्डावर चिपा उलट्या बाजूला बसवायच्या. मग शेजारच्या दोन खाचांना डब्याच्या मागची एकच फट चाले, एका वेळी हे तरी लावा नाही तर ते तरी. युक्ती चांगलीच होती. पण उभ्या डब्यात तिचा परिणाम काय झाला? जुन्या कार्डाच्या चिपा वर तोंड करून असत, नव्याच्या खाली तोंड करून लोंबायला लागल्या.

१९९५ ची ए.टी.एक्स. मांडणी आली, १९९७ मध्ये ए.जी.पी. आलं, मग पी.सी.आय. एक्सप्रेस आलं, बाजू तीच राहिली. आयसा केव्हाच गेलं. ज्या पाहुण्यासाठी आपण सरकून बसलो तो जेवून, पान खाऊन निघून गेला आणि आपण अजून सरकूनच बसलोय!

इंटेलला हे कळत नव्हतं असं नाही. २००४ मध्ये त्यांनी बी.टी.एक्स. नावाची मांडणी आणली होती, तीत ग्राफिक्स कार्डाचं तोंड वर होतं. पण बाकीच्यांनी साथ दिली नाही आणि दोन-तीन वर्षांत ती गुंडाळली गेली. मला विचाराल तर फार वाईट झालं.

एकच कार्ड असतं तर हे सगळं खपून गेलं असतं. पण दोन कार्डं लावायची हौस जुनी आहे. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीची व्हूडू-२ कार्डं जोडीनं लावत. चित्रातली एक ओळ एकानं काढायची, पुढची दुसऱ्यानं. तेव्हा त्या कार्डांना बहुधा पंखासुद्धा नसे. २००४ मध्ये एनव्हिडियानं जोडीची कल्पना पुन्हा आणली तोवर कार्डं चांगलीच तापट झाली होती.

आणि २०१२ मध्ये टोरोंटोच्या अ‍ॅलेक्स क्रिझेव्स्की यांनी इल्या सुट्स्केवर आणि प्राध्यापक हिंटन यांच्याबरोबर चित्रं ओळखणारं जे प्रसिद्ध जाळं तयार केलं, तेही जी.टी.एक्स. ५८० नावाच्या दोन कार्डांवर. एका कार्डाच्या ३ जी.बी. मेमरीत मावेना, म्हणून अर्धं अर्धं वाटलं. पाच-सहा दिवस यंत्र चालू होतं, तेही आईवडिलांच्या घरातल्या खोलीत! एकेक कार्ड भर कामात २४४ वॉट खाणारं. त्यांच्या निबंधात दिवस आहेत, मेमरी आहे, चित्रांची संख्या आहे. तापमान मात्र नाही. (त्या माउलीनं पोराच्या खोलीचं दार उघडून काय म्हटलं असेल, ते मला बरोबर ठाऊक आहे.)

तर आमच्या डब्यात काय होत होतं? दोन कार्डांमध्ये जेमतेम बोटभर फट. वरच्याचा पंखा त्याच फटीतून हवा ओढतो आणि फटीच्या खाली दुसऱ्या कार्डाची तापलेली पाठ. खालच्याला मात्र डब्याची मोकळी जागा. गरम भाकऱ्या एकावर एक ठेवल्या की मधे घाम धरतो ना, तसं. शिवाय २०१३ पासून एनव्हिडियाच्या कार्डांना ठरावीक तापमानाला पोचलं की आपला वेग आपणच कमी करायची अक्कल दिलेली आहे. म्हणजे वरचं दमलं की हळू चालणार आणि काम सारखं वाटलेलं असेल तर खालचं आपला वाटा संपवून त्याची वाट बघत बसणार.

मी नातवाला म्हटलं, "दोष कार्डाचा आहे की जागेचा, हे आधी ठरवू या. दोघांची अदलाबदल कर." एका रविवारी दुपारी त्यानं ती केली. मी टॉर्च धरला होता. तासभर काम चालवलं. 'खराब' कार्ड खाली गेलं होतं, ते ६८ वर आरामात. 'चांगलं' वर गेलं, ते ८३! मॉनिटरची वायर वरच्याला लावल्यामुळे असेल म्हणून तीही खालच्याला लावून पाहिली. दोन अंशांचा फरक पडला, फार नाही.

म्हणजे कार्ड ठणठणीत होतं. विकायचं रद्द.

मग त्यानं खालचं कार्ड आणखी एक खाच खाली सरकवलं. त्या खाचेतून माहितीची ये-जा थोडी कमी होते, पण त्याच्या कामाला तेवढं चालतं म्हणे. वरचं आलं ७५ वर. पोरगं खूश. परवा त्याला काय सुचलं कोण जाणे, डबाच आडवा पाडला आणि वरचं झाकण काढलं. कार्डं पुन्हा १९८१ सारखी उभी! आता दोघांत चार-पाच अंशांचा फरक उरला आहे.

फक्त आडवा डबा टेबलाखाली मावत नाही. सध्या तो माझ्या शिलाई मशीनवर विराजमान आहे आणि काम नसेल तेव्हा धूळ बसू नये म्हणून मी त्यावर जुन्या पातळाचा तुकडा टाकते. दोन पिशव्या शिवायच्या आहेत, त्या राहिल्याच आहेत.