एका सेकंदाची शांतता

मामा गेल्यानंतर मामेबहिणीने शिकागोहून एक खोके पाठवले. त्यात मामाचा कमोडोर 64 संगणक होता आणि एक वही. वहीत पानोपानी टेलिफोन नंबर आणि काहींपुढे शेरा : 'रात्री अकरानंतर'. हे नंबर माणसांचे नव्हते, संगणकांचे होते. मामाचा संगणक पुन्हा बोलता करावा म्हणून मी घरीच बिनतारी मोडेम बांधायला घेतला आणि त्या निमित्ताने मोडेमच्या इतिहासात शिरलो.

हा इतिहास परवानगीपासून सुरू होतो. अमेरिकेत फोनच्या तारेला परक्याचे उपकरण जोडायला एटी अँड टी कंपनीची मनाई असे. टेक्ससच्या थॉमस कार्टर यांचा 'कार्टरफोन' हा फोनचा रिसीव्हर पाळण्यात ठेवून संभाषण वायरलेसवर पोचवी. कंपनीने हरकत घेतली. 1968 मध्ये सरकारी दूरसंचार आयोगाने कौल कार्टर यांच्या बाजूने दिला : जाळ्याला अपाय होत नसेल, तर ग्राहकाला आपले उपकरण जोडता आले पाहिजे. घरगुती मोडेमची वाट इथून मोकळी होत गेली.

जानेवारी 1978 मध्ये शिकागोत मोठे हिमवादळ झाले. घरात अडकलेल्या वॉर्ड क्रिस्टेन्सेन यांनी मित्र रँडी स्यूस यांना फोन केला आणि दोघांनी संगणकावरचा सूचनाफलक उभारला. 16 फेब्रुवारीला तो लोकांसाठी खुला झाला. फोनची तार एकच, म्हणून एका वेळी एकच वाचक. पुढे असे फलक गावोगावी निघाले. परगावचे फोन अकरानंतर स्वस्त होत. मामाच्या शेऱ्याचा उलगडा मला इथे झाला. त्या दशकात आमच्या पुण्याच्या घरी साध्या फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे चालू होते. आपल्याकडे सामान्यांसाठी इंटरनेट आले ते 15 ऑगस्ट 1995 ला.

मोडेमपुढे एक अडचण होती. संगणकाकडून येणारा मजकूर आणि मोडेमसाठीच्या आज्ञा एकाच तारेतून येणार. मग यातली आज्ञा कोणती? डेनिस हेज यांच्या कंपनीच्या 1981 च्या स्मार्टमोडेमने सोय केली. आज्ञेची सुरुवात 'एटी' या अक्षरांनी, म्हणजे 'लक्ष द्या'. जोडणी चालू असताना मोडेमला हाक मारायची, तर आधी एक सेकंद शांतता, मग अधिकची तीन चिन्हे, मग पुन्हा एक सेकंद शांतता. वाहत्या मजकुरात असा योग सहसा येत नाही.

माझ्या मोडेमचा जीव म्हणजे ईएसपी8266 ही वायफाय चिप. तीही हीच भाषा बोलते, कारण जगभरच्या हौशी लोकांनी तिला ती शिकवली आहे. चिप 3.3 व्होल्टची आणि संगणक 5 व्होल्टचा, म्हणून मध्ये व्होल्टेज जुळवणारी पट्टी घातली. संगणकाच्या मागच्या खाचेतून 5 व्होल्टवर जेमतेम 100 मिलिअँपिअर मिळतात. वायफायचे प्रक्षेपण त्याहून अधिक मागते. पहिल्या दिवशी चिप सारखी बंद पडून पुन्हा सुरू होत होती. वेगळा वीजपुरवठा दिल्यावर ती थाऱ्यावर आली. येणारी तार मात्र खाचेतल्या दोन टोकांना जोडावी लागते : एक टोक संगणकाला जागे करते, दुसऱ्यावरून तो बिट वाचतो.

आता मी 'एटीडीटी'पुढे नंबराऐवजी इंटरनेटवरचा पत्ता लिहितो. संगणकाला वाटते, फोन लागतो आहे. 300 बॉडच्या वेगाने सेकंदाला तीस अक्षरे येतात. हजार अक्षरांचा पडदा भरायला अर्धा मिनिट जाते. मामाने याच गतीने वाचले असेल. आजही चालू असलेल्या एका फलकावर मी पोचलो आणि तिथे मामाचे नाव लिहिले.

स्यूस 2019 मध्ये गेले, क्रिस्टेन्सेन 2024 मध्ये. मामाच्या वहीतले नंबर माझ्या मोडेमला लावता येणार नाहीत. त्याला फोनची तारच नाही. हे ठाऊक असूनही एका रात्री अकरानंतर मी वहीतला पहिला नंबर फिरवला. थोड्या वेळाने पडद्यावर उत्तर उमटले : 'नो कॅरिअर'. पलीकडे कोणी नाही, हे सांगायची रीतही 1981 ची होती.