आजार म्हशीला, फॉरमॅट पखालीला

आमच्या लातूर-नांदेडकडं कॉम्प्युटर बिघडला की निदानं दोनच होतात. एक, "विंडोज उडाली." दोन, "मदरबोर्ड गेला." पहिल्यावर उपाय फॉरमॅट, दुसऱ्यावर उपाय नवा लॅपटॉप. मधलं काही नाहीच! चाकूर-अहमदपूरहून नातेवाइकांचे फोन येतात तेव्हा प्रश्नही ठरलेला असतो, "हार्डवेअरचं हाय का सॉफ्टवेअरचं, तेवढं सांग." जणू फोनवरून नाडी लागते :-)

पण मंडळी, हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. कॉम्प्युटर जन्मला तेव्हापासून भल्याभल्यांना त्यानं छळलंय. त्या छळाचा इतिहास मोठा मजेशीर आहे आणि आपल्या घरातल्या लॅपटॉपलाही तो उपयोगी पडतो, म्हणून हे लिहितोय.

सुरुवातीच्या काळात पहिला संशय यंत्रावरच असायचा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ यंत्राच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला आणि तो चिकटपट्टीनं नोंदवहीत डकवून ठेवला गेला, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल. (खोडीला 'बग' म्हणायची रीत मात्र त्याहून जुनी, थेट एडिसनच्या काळातली.) आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला 'टिफ्रॅक' १९६० मध्ये रीतसर सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. स्मृती किती? ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे आजच्या हिशोबानं जेमतेम १० किलोबाईट! गणिताचं उत्तर चुकलं तर चूक प्रोग्रामची की एखादी नळी मान टाकत्येय, हा प्रश्न अशा कुठल्याही यंत्रासमोर बसणाऱ्याला रोजचाच.

त्यावर त्या पिढीनं शोधलेला एक उपाय मला फार आवडतो. अमेरिकेत एमआयटीमध्ये 'व्हर्लविंड' नावाचं यंत्र होतं. तिथली मंडळी मुद्दाम व्होल्टेज कमीजास्त करून चाचणीचे प्रोग्राम चालवायची. धडधाकट नळी तग धरायची, मरणपंथाला लागलेली तिथंच उघडी पडायची. म्हणजे ऐन कामाच्या वेळी दगा द्यायच्या आत तिला बदलता यायचं. आमच्याकडं ही चाचणी वीज स्वतःहून घेते! एमकेसीएल २००१ मध्ये स्थापन झाली आणि पाठोपाठ तालुक्यातालुक्यांत एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले. ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. भारनियमन संपून लाइट यायची तीच उसळी मारत. युपीएसच्या शिट्ट्या आणि पाठोपाठ "सर, माझा बंद पडला"चा गजर. पॉवर सप्लाय दमलेला असायचा आणि खापर फुटायचं विंडोजवर.

असो. पुढं १९७८ मध्ये गोष्ट आणखी गुंतागुंतीची झाली. मेमरीतला एखादा बिट आपोआप उलटतो, ० चा १ होतो, पण चिप तपासली तर ठणठणीत! इंटेलच्या मे आणि वुड्स या दोघांनी कारण शोधलं. चिपच्या आवरणाच्या पदार्थातच युरेनियम-थोरियमचा अगदी अंश होता आणि त्यातून निघणारे अल्फा कण बिट उलटवत होते. म्हणजे यंत्र मोडलेलं नाही, प्रोग्राम चुकलेला नाही, तरी उत्तर चूक. आपल्या दोन खणांत न बसणारा हा तिसरा प्रकार.

१९८५ मध्ये टँडेम कंपनीतल्या जिम ग्रे यांनी आपल्याच यंत्रांच्या बंद पडण्याच्या नोंदी तपासल्या. टँडेमच्या यंत्रात महत्त्वाचा प्रत्येक भाग दुहेरी असायचा, म्हणून हार्डवेअरचा वाटा फक्त १८ टक्के निघाला. सॉफ्टवेअरचा २५. आणि सर्वांत मोठा वाटा, ४२ टक्के, यंत्र चालवणाऱ्या-सांभाळणाऱ्या माणसांचा! ग्रे यांनी आणखी एक भेद सांगितला. काही दोष 'बोर' जातीचे, अणूच्या बोरप्रणीत चित्रासारखे ठाम. तेच केलं की तिथंच पडणार. काही 'हायझेनबर्ग' जातीचे, बघायला गेलं की गायब. दुकानात नेल्यावर लॅपटॉप शहाण्यासारखा का वागतो, हे इथं कळतं.

निदान कसं करावं याचा वस्तुपाठ मात्र १९९४ सालचा. व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांवर काम करत होते. त्यांच्या बेरजा जुळेनात. त्यांनी लगेच इंटेलच्या नावानं बोंब मारली नाही. आधी स्वतःचा प्रोग्राम तपासला, मग कम्पायलर, मग मदरबोर्ड. तेच गणित दुसऱ्या यंत्रांवर चालवून पाहिलं. असं एकेक बाजूला काढत महिने गेले. शेवटी एकच संशयित उरला, नवा कोरा पेंटियम. त्याच्या भागाकाराच्या कोष्टकात ५ नोंदी राहून गेल्या होत्या. ४१९५८३५ ला ३१४५७२७ नं भागलं की यायला हवं १.३३३८२०..., पेंटियम देई १.३३३७३९.... इंटेलला चिपा बदलून देण्यापायी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले.

आणि अगदी अलीकडं, जुलै २०२४ मध्ये, एकाच आठवड्यात दोन उलटसुलट गोष्टी घडल्या. १९ जुलैला जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले. बघणाऱ्याला वाटावं यंत्रच मेलं. कारण निघालं क्राउडस्ट्राइकनं पाठवलेली एक सदोष फाइल. तर २२ जुलैला इंटेलनं मान्य केलं की १३ व्या-१४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळतंय. त्याआधी कित्येक महिने लोक गेम बनवणाऱ्यांना शिव्या घालत होते, कारण पडद्यावर चुका गेमच्या दिसायच्या. गंमत पुढंच आहे. ते जादा व्होल्टेज मागणारा होता चिपमधला मायक्रोकोड, म्हणजे एका अर्थी सॉफ्टवेअरच! त्यानं झिजलेली चिप मात्र कुठल्याही अपडेटनं दुरुस्त होत नाही.

आता एवढं पुराण लावायचं कारण. माझा मामेभाऊ चाकूरला लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. पीकविमा, दाखले, प्रवेशाचे फॉर्म. त्याचं पोट त्या एका लॅपटॉपवर. तो मधूनच निळा पडदा दाखवायला लागला. एका दुकानात फॉरमॅट मारून दिला. आठवड्यात पुन्हा तेच. मग तिथंच, "मदरबोर्ड गेलाय." फोन आला, "दादा, नवाच घ्या म्हणतेत. ऐन प्रवेशाच्या दिवसांत कुठून आणू?"

त्याला एकेक पायरी करायला लावली. पडद्यावरचे चुकीचे कोड लिहून ठेव म्हटलं. दरवेळी वेगळाच निघाला. एकाच ड्रायव्हरचा दोष असता तर बहुधा तोच तो कोड आला असता. मग लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून तासभर चालवला, तरी गोठला. म्हणजे विंडोज सुटली. पंख्यातली धूळ काढली, तापमान पाहिलं, ठीक. अडॅप्टर काढून नुसत्या बॅटरीवर चालवला, तरी तेच. रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवला. सकाळी पडदा लाल ओळींनी भरलेला! रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एकेक काढून, खाचा बदलून पाहिल्या. एक पट्टी कुठल्याही खाचेत चूक दाखवी, दुसरी कुठल्याही खाचेत बिनचूक. खराब पट्टी काढली, नवी घातली. नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढं तो खर्च म्हणजे चिल्लर.

पण फॉरमॅटमध्ये मामांचे शेवटच्या दिवाळीतले फोटो गेले, ते काही परत आले नाहीत. त्या फॉरमॅटचा आजाराशी काडीचा संबंध नव्हता. मामी काही बोलल्या नाहीत. मला मात्र ते राहून राहून टोचतं.

नाइसली प्राध्यापकांपासून चाकूरपर्यंत पद्धत एकच आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलल्यावर काय झालं ते लिहून ठेवायचं. फॉरमॅट एका फटक्यात सगळंच बदलतं. म्हणून त्यानंतर बरं वाटलं तरी का वाटलं ते कळत नाही, आणि नाही वाटलं तर साक्षीदार आधीच पुसलेले असतात. 'हार्डवेअर का सॉफ्टवेअर' याचं उत्तर सांगणारा आधी काय काय वगळलं ते सांगत नसेल, तर तो अंदाज समजावा, निदान नव्हे.

तेव्हा नातेवाइकांनो, फोन जरूर करा. पण त्याआधी फोटो दुसरीकडं उतरवून ठेवा, आणि पडद्यावर काय लिहून आलं होतं ते कागदावर टिपून ठेवा. नाडी मला तिथंच लागते.